सापकांदा की शेवळं

झाडं ओळखण्याचा छंद निरुपद्रवी असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या सासऱ्यांच्या घशाला विचारायला हवं होतं.

पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी ठाण्याला एका कचेरीत कारकून होतो आणि नौपाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे ओटा आणि मागे न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली चार हात जमीन. त्या चार हातांत मी अठ्ठावन्न प्रकारची झाडं लावली होती. (माझी बायको सुमती म्हणायची, सत्तावन्न प्रकारचं गवत आणि एक तुळस.) रद्दीच्या दुकानात मला वनस्पतींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. पहिली चाळीस पानं उंदरांनी वाचून संपवलेली, चित्रं काळीपांढरी, पण नावं सगळी लॅटिन! दर रविवारी येऊरच्या डोंगरावर जायचं, काहीतरी उपटून आणायचं, पुस्तकात बघून त्याचं नाव ठरवायचं आणि रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यावर ते रंगवून झाडापुढे खोचायचं, हा माझा क्रम. रस्त्यात कुणी नुसतं "घाणेरी काय फुललीय" म्हणालं, तरी मी त्याला थांबवून घाणेरीचं खरं नाव सांगत असे. लोक मला पाहून रस्ता ओलांडत, तो पलीकडे सावली असते म्हणून, अशी माझी समजूत होती.

माझे सासरे, नाना, कल्याणला पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी झाडपाल्याचं औषध फुकट द्यायला सुरुवात केली. अंगणात त्यांनी ब्राह्मीचा ताटवा केला होता आणि परीक्षेच्या दिवसांत कल्याणातली निम्मी पोरं तिथे रस प्यायला येत. एका दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, पंधरा-वीस पाहुण्यांच्या देखत मी त्या ताटव्याशी उकिडवा बसलो, एक पान खुडलं, उजेडात धरलं आणि म्हणालो, "नाना, ही ब्राह्मी नव्हे. ही मंडूकपर्णी."

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "तरीच यंदा इतकी पोरं नापास झाली."

नाना आत निघून गेले. त्यानंतर दीड वर्ष ते माझ्याशी बोलले नाहीत. मी कल्याणला जाईना, म्हणून सुमतीही जाईना. ठाणे ते कल्याण अंतर ते किती, पण तिला माहेर काशीइतकं लांब झालं होतं. ती मला काही बोलली नाही. फक्त माझ्या झाडांना पाणी घालणं तिने बंद केलं.

अशात तिच्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, लग्न ज्येष्ठात ठरलं. त्यांच्या घरची रीत अशी की जावयाला लग्नाचं बोलावणं घरच्या कर्त्याने स्वतः येऊन, हातात अक्षत देऊन करायचं. नुसती टपालाने पत्रिका आली तर जावई जात नाही, आणि जावई गेला नाही तर लेकीनेही जायचं नाही. सासूबाईंनी नानांना काय सांगितलं कोण जाणे, पण निरोप आला: रविवारी नाना अक्षत घेऊन येतील, जेवूनच जातील.

शनिवारी संध्याकाळी सुमतीने ते इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

"ह्याच्यावर हात ठेवा."

"कशाला?"

"शपथ घ्यायला. उद्या नाना कुठल्याही झाडाला काहीही म्हणाले तरी तुम्ही 'हो' म्हणायचं. वडाला पिंपळ म्हणाले, तरी पिंपळ."

"अगं, पण शास्त्र..."

"माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न आहे," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. मी हात ठेवला. तिने लगेच मागच्या दारी जाऊन माझ्या अठ्ठावन्न पाट्या उपटल्या आणि कोळशाच्या पोत्यात लपवल्या.

रविवारी नऊच्या सुमारास नाना आले. काळी टोपी, कोटाच्या वरच्या खिशात रुमालात बांधलेली अक्षत. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. अक्षतीला काही त्यांनी हात लावला नाही. ती जेवणानंतर द्यायची असणार. तोपर्यंत माणूस पारखून घेता येतो.

"बाग दाखवा जावईबापू," ते म्हणाले. मी समजलो, परीक्षा सुरू झाली.

मागच्या दारी नाना एकेका झाडापाशी थांबत होते. एका रोपाला त्यांनी शतावरी म्हटलं. ती शतावरी नव्हती. मी "हो" म्हणालो. दुसऱ्याला गुळवेल म्हटलं. मी म्हणालो, "गुळवेलच." मग त्यांनी माझ्याकडे बघत, सावकाश, एका रानगवताला वाळा म्हटलं. हे मुद्दाम होतं. माझ्या जिभेवर लॅटिन नाव येऊन उभं राहिलं होतं, ते मी थुंकीबरोबर गिळलं आणि म्हणालो, "वाळाच. वास काय सुंदर येतो."

शेवटी भिंतीशी ठेवलेले चार डबे आले. आदल्या श्रावणात मी येऊरहून कसलेसे कंद आणून या डब्यांत लावले होते. त्यांना छत्रीसारखं एकेक पान आलं आणि दिवाळीपर्यंत वाळून गेलं. नंतर सहा महिने डबे रिकामे. ते फेकून द्या म्हणून सुमती मागे लागली होती. आणि गेल्या आठवड्यात वळवाचा एक शिडकावा झाल्यावर प्रत्येक डब्यातून वीतभर उंचीचा, जांभळट तपकिरी कोंब वर आला होता. मी तीन संध्याकाळ पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे बसलो. दांड्यावर पांढुरके ठिपके होते. पुस्तकात ठिपके असलेलं एकच चित्र होतं. म्हणजे सापकांदा! पोटात गेला तर घसा सुजून बंद व्हायचा, असली वनस्पती.

नाना वाकले. त्यांचा चेहरा उजळला.

"शेवळं! अहो, ही तर शेवळं! सुमे, घरात अशी शेवळं असताना भाजी कसली करते आहेस?"

"पडवळाची, नाना," आतून आवाज आला.

"पडवळ राहू दे." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चारही कोंब बुडापासून मोडले.

"नाना," मी म्हणालो, "जरा कोवळी नाहीत का वाटत? आणखी आठवडाभर..."

नाना सरळ उभे राहिले. "म्हणजे ही शेवळं नव्हेत, असं म्हणायचं आहे तुम्हाला?"

त्यांचा हात कोटाच्या त्या खिशावर गेला होता. तो सहज गेला असेल, पण मला त्या रुमालाची गाठ डोळ्यांपुढे दिसली.

"छे छे. शेवळंच," मी म्हणालो. "दुसरं काय असणार?"

नाना ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. सुमती ते कोंब ताटात ठेवून बघत होती.

"चिरू नकोस," मी कुजबुजलो. "सापकांदा आहे. घसा बंद होईल त्यांचा."

"खात्री आहे?"

"पुस्तकात चित्र आहे."

"मंडूकपर्णीच्या वेळीही चित्र होतं. दीड वर्ष भोगतेय मी ते चित्र."

पण तिचा चेहरा पडला होता. एकीकडे वडील, दुसरीकडे वडिलांचा मान, आणि मधे मी. नानांना खरं सांगावं तर कुसुमचं लग्न गेलं; न सांगावं तर नाना गेले. मग ती म्हणाली, "बाजारात सोनूबाई बसली असेल. तिच्याकडून खरी शेवळं आणा. मी तीच करते. नानांना कळायचं नाही. हे घेऊन जा आणि वाटेत कुठेतरी टाका."

मी पिशवीत ते कोंब भरले. ओट्यावरून जाताना नाना वर्तमानपत्रातून म्हणाले, "कुठे निघालात?"

"विड्याची पानं आणतो."

"पानं आणा. वाळा नको," नाना म्हणाले. माझी चंपी करायची संधी त्यांनी दीड वर्ष राखून ठेवली होती.

सोनूबाई माजिवड्याची. उन्हाळ्यात भाजीपाला आणि पावसाच्या तोंडावर रानातल्या भाज्या घेऊन ती बाजाराच्या कोपऱ्यावर बसायची; कधी उरलंसुरलं आमच्या मागच्या दारीही आणून द्यायची. तिच्यापुढे शेवळांची एकच जुडी उरली होती. मी ती जवळजवळ ओढूनच घेतली.

"काकरां घ्याची ना दादा?" ती म्हणाली. "माझी संपली. जाव येतंय मागशीन, तिच्याकडं हान. जरा बसा."

काकडं म्हणजे काकडाच्या झाडाची हिरवी, आंबट, बोराएवढी फळं. शेवळांबरोबर ती घेतातच. पण तिची जाऊ ती घेऊन येईपर्यंत थांबायचं, तर ओट्यावर नाना बसले होते आणि विड्याच्या पानांना किती वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं.

"नकोत. मला झाडांतलं कळतं, सोनूबाई."

"झारां कलत असतील," ती म्हणाली. "भाजीचा काय?"

पिशवीतले चार कोंब तिच्या पाटीशेजारी ओतले आणि बजावलं, "हे उकिरड्यावर टाका. हात धुवा. विषारी आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी पळत सुटलो. (विड्याची पानं विसरलो. ती अर्ध्या वाटेवरून परत जाऊन आणली.)

घरी सुमतीने जुडी सोडली, खालचा पिवळा भाग काढून टाकला आणि विचारलं, "काकडं?"

आता खरं सांगायचं तर 'घाईत आणली नाहीत' एवढं म्हणणं पुरेसं होतं. ती शेजारून चिंच मागून आणती, वाटीभर कोळ घालती. पण चूक कबूल करण्यापेक्षा तिला शास्त्राचा आधार देणं मला नेहमीच सोपं गेलेलं आहे.

"काकडं नुसती आंबटपणासाठी असतात," मी म्हणालो. "पुस्तकात कुठेही उल्लेख नाही. दोन आमसुलं टाक."

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सुमतीने माझं कधीही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बाहेरून नानांनी "भूक लागली गं" म्हटलं आणि तिने ऐकलं.

पाट मांडले. मी आणि नाना समोरासमोर. सुमती वाढायला. हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं आणि शेवळं. वास तर असा की नानांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

"आमची आई करायची अशी," असं म्हणून त्यांनी मोठा घास घेतला. मीही घेतला. खरी शेवळं होती, बाजारातून आणलेली, मला कसली भीती!

तिसऱ्या घासाला माझ्या जिभेच्या मुळाशी कुणीतरी बारीक खाजवल्यासारखं झालं. चौथ्याला टाळूवर. मी नानांकडे बघितलं. नानांचं चावणं थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईने चावू लागलो.

"छान झालीय," मी म्हणालो.

"उत्तम," नाना म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. शेवळं म्हणून ज्यांनी स्वतः मोडून दिली, ते घसा खाजतो असं कसं म्हणणार? आणि मी, ज्याने शपथ घेतली, तो तरी कसा म्हणणार? मग आम्ही दोघांनी ती भाजी संपवायला सुरुवात केली. नानांनी पुन्हा वाढून घेतली. मला मागे राहणं शक्य नव्हतं. घसा खाजवता येत नाही, ही माणसाच्या शरीराच्या रचनेतली फार मोठी उणीव आहे, हे मला त्या पाटावर कळलं. नानांनी ताक मागितलं. मी ताक मागितलं. नानांनी गूळ मागितला. मी त्यांच्याच खड्याला हात घातला. सुमती हातात पळी घेऊन एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. 'बदललीत ना नक्की?' असं तिचे डोळे विचारत होते. मी 'हो' म्हणून मान हलवली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग तिने स्वतःसाठी ताट घेतलं. तिच्या हातातली पळी भाजीच्या पातेल्यात गेली.

"सुमे, थांब," नाना म्हणाले. आवाज पार बसला होता. "ती भाजी तू खाऊ नकोस."

"का नाना?"

जन्मात ज्या माणसाने एका पानाचंही नाव मागे घेतलं नव्हतं, तो म्हणाला, "माझी चूक झाली असेल. नीट बघितलं नाही मी." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "जावईबापू, तुम्हाला त्यातलं कळतं. ती शेवळं नव्हती ना?"

दीड वर्ष मी या प्रश्नाची वाट बघत होतो, आणि आता तो आला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस लेकीच्या घशासाठी आपला सगळा मान उतरवून ताटाशेजारी ठेवत होता, आणि त्यांची चूक तर नव्हतीच. पातेल्यातली भाजी माझी होती. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी इतकं प्रेम वाटलं की मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं. घशातून नुसती शिट्टी निघाली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

"अवो दादा!" सोनूबाई दारात उभी होती. एका हातात पानाच्या द्रोणात काकडं, दुसऱ्या हातात माझे चार कोंब. "काकरां न घेताच पलालाव तुमी. म्हटलं, काकरांबिगर कोनाचा तरी गला धरंल, देऊन येतंय. आनि ही घ्या तुमची शेवलां. ईक हाय म्हनं! आवशीं, इतकी चांगली शेवलां कोन टाकतं का?"



"पण ठिपके..." मी शिट्टी वाजवली.

सोनूबाईने अंगठ्याला थुंकी लावली आणि एका कोंबाच्या दांड्यावरून फिरवली. ठिपका गेला. दुसरा पुसला. तोही गेला. गेल्या आठवड्यात घरमालकाने मागच्या भिंतीला चुना मारून घेतला होता.

"चुना हाय ह्यो," ती म्हणाली.

नाना पाटावरून उठले. सोनूबाईच्या हातातला एक कोंब घेऊन त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, आणि इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"हे काय आहे, जावईबापू?"

"शेवळ," मी म्हणालो.

"आणि तुम्ही ते टाकून दिलंत. हातचं सोडून बाजारातलं आणलंत. काकडं न घालता."

"हो."

"म्हणजे तोंडावर हो म्हणून पाठीमागे नाही म्हणालात." आता त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख ओसरलं. त्यांनी हात धुतला, टोपी घातली. रुमाल खिशातच होता. "पाडव्याला निदान समोर बोलला होतात."

 

ते दारापर्यंत गेले आणि सुमती त्यांच्या आडवी उभी राहिली. "नाना, भाजी बदलायला मीच सांगितलं. तुम्हाला काही होईल म्हणून. आणि तुम्ही रागावाल म्हणून बोलले नाही. मला घरी यायचंय, नाना." एवढं बोलून ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग रुमाल सोडला. रीतीप्रमाणे अक्षत देताना 'सहकुटुंब यायचं' असं मोठ्याने म्हणायचं असतं, पण तोवर त्यांचा आवाज संपूर्ण गेला होता. त्यांनी माझ्या हातावर अक्षत ठेवली, बोटाने मला दाखवलं, सुमतीला दाखवलं, पूर्वेला कल्याणच्या दिशेने दाखवलं आणि शेवटी हात जोडले. मी वाकून नमस्कार केला. मलाही काही बोलता येत नव्हतं, त्यामुळे आमच्यात पुन्हा भांडण झालं नाही. सोनूबाई मात्र "बरां झाला" म्हणत काकडं सुमतीच्या ओंजळीत टाकून गेली.

कुसुमच्या लग्नाला आम्ही आठ दिवस आधी गेलो. लग्नाच्या दिवशी पंगत बसली. व्याही, मानकरी, शंभरेक पानं मांडलेली. आचाऱ्याने अळूची भाजी आणली आणि सगळ्यांना ओलांडून थेट माझ्या पानात वाढली. मी भारावून गेलो. जावयाचा पहिला मान! मी घास घेतला, चावला, गिळला. मग लक्षात आलं की पंगतीत दुसऱ्या कुणीच पानाला हात लावलेला नाही. शंभर माणसं माझ्या गळ्याकडे बघत होती.

नानांनी खिशातून घड्याळ काढलं, पुरती पाच मिनिटं त्याकडे पाहिलं, आणि आचाऱ्याला म्हणाले, "जावईबापूंना काही झालं नाही. आता सगळ्यांना वाढ."